विश्राम घाडींचा टोन

स्टोअरमधून रिटायर होणाऱ्या घाडींना निरोपाची भेट काय द्यायची, हा विषय वेल्फेअर कमिटीत निघाला आणि ज्ञानेश लोमट्यांनी हात वर केला. पुढे जे जे झालं ते त्या हातामुळे झालं, हे आता स्वतः लोमटेही मान्य करतात.

कमिटीत हात वर करायची पद्धत नाही. तारापूर एमआयडीसीतल्या त्या औषधाच्या कारखान्यात रिटायर होणाऱ्या माणसाला शाल, श्रीफळ आणि चाकांची बॅग मिळते. माणूस तीच बॅग ओढत बोईसर सोडतो आणि आपल्या मुलखाला जातो, म्हणजे भेट लगेच उपयोगी पडते. यात आजवर कुणाला काही खटकलं नव्हतं. पण लोमटे उभे राहून म्हणाले, "विश्राम घाडींना बॅग देऊ नये. पेडल द्यावं."

"सायकलचं?" अकाउंट्सच्या बाईंनी विचारलं.

"गिटारचं," लोमटे म्हणाले, आणि सगळ्यांची तोंडं बघून त्यांना खुलासा करावा लागला. इलेक्ट्रिक गिटार नुसती छेडली तर कानाजवळ डास आल्यासारखी वाजते. तिला ॲम्प्लिफायर लागतो. घाडींचा ॲम्प्लिफायर म्हणजे कपड्यांच्या ट्रंकेएवढं धूड, जुना, व्हॉल्व्हचा, उचलायला दोन माणसं लागणारा. घाडी आता नाशिकला मुलीच्या फ्लॅटवर कायमचे राहायला जाणार, तिथे घरात तान्ही नात, तेव्हा हे धूड न्यायचा प्रश्नच नाही. मात्र हल्ली एक लोखंडी डबा मिळतो. तो पायाशी ठेवायचा. त्याच्या पोटात कॉम्प्युटर असतो आणि तो कुठल्याही ॲम्प्लिफायरची हुबेहूब नक्कल करतो. हेडफोन लावला की वाजवणाऱ्याच्या कानात अख्खं मैदान दुमदुमतं आणि शेजारच्या पाळण्यातलं बाळ कूससुद्धा बदलत नाही.

कमिटीला बाळाचा मुद्दा पटला. परंतु परचेसवाल्यांनी नियम काढला. कुठलीही नवी वस्तू घ्यायची तर तीन ठिकाणचे तीन नमुने, त्यांचा तुलनात्मक तक्ता आणि शेवटी क्वालिटी कंट्रोलची सही. क्वालिटी कंट्रोल म्हणजे लोमटेच. त्यांनी ही जबाबदारी मान किंचित झुकवून स्वीकारली, जशी काही ती त्यांच्यावर लादली गेली होती.

लोमटे मूळचे परभणीकडचे. माणूस सरळ, पण तपासल्याशिवाय काही पास करायचं नाही हे हाडीमाशी भिनलेलं. कोथिंबीर घेताना ते ढिगातल्या तीन वेगवेगळ्या ठिकाणच्या जुड्या उपसून वास घेत, म्हणून त्यांच्या बायकोने, अर्चनावहिनींनी, त्यांना बाजारात पाठवणं केव्हाच बंद केलं होतं. कारखान्यात प्रत्येक बॅचमधला थोडा माल ते कपाटात कुलूपबंद ठेवत. याला कंट्रोल सॅम्पल म्हणतात. पुढे कधी तक्रार आली तर ते काढायचं आणि ताडून बघायचं. जी वस्तू कपाटात आहे ती हरवत नाही, अशी लोमट्यांची श्रद्धा होती.

आणि घाडींचा आवाज, म्हणजे त्यांच्या भाषेत टोन, हरवणार होता. बोईसरला सुट्टी शुक्रवारी. दर शुक्रवारी संध्याकाळी सोसायटीच्या गच्चीवरच्या खोलीत दोघे जुनी गाणी वाजवत. लोमटे साध्या गिटारवर साथीला कॉर्ड धरत, घाडी चाल वाजवत. त्या धुडातून जो आवाज निघे तो थोडा घोगरा, पण गोड. गूळ करपायच्या जरा अलीकडे उतरवावा तसा. घाडींची बायको गेली त्या वर्षीसुद्धा दोन-चारच शुक्रवार चुकले. आता घाडी जाणार, आणि मग शुक्रवारच्या संध्याकाळी काय करायचं हे लोमट्यांना कळत नव्हतं. हे कुणापाशी बोलायची त्यांची तयारी नव्हती. म्हणून ते पेडलं बघायला लागले.

"घाडीभावजी चाललेत म्हणून तुम्हाला वाईट वाटतंय," अर्चनावहिनी पोळ्या लाटता लाटता म्हणाल्या. "तसं सांगा की त्यांना सरळ."

"प्रश्न टोनचा आहे," लोमटे म्हणाले, आणि पोळी उजेडात धरून तिचा फुगवटा बघू लागले.

सल्ल्यांना तोटा नव्हता. खालच्या मजल्यावरच्या गोजराबाई परळीच्या. त्यांनी जिन्यातच अडवलं. "लोमटे दादा, डबाच द्यायचाय तर स्टीलचा द्या की. झाकनाचा. लेकीच्या घरी मानूस रिकाम्या हातानं जाऊ नये, लाडू तरी न्हील भरून." सोसायटीचे सेक्रेटरी रामकिसन दराडे म्हणाले, "मिक्सर द्या. मिक्सरला कुणी नाही म्हणत नाही." दराड्यांचं म्हणणं खोटं नव्हतं, त्यांच्या स्वतःच्या घरात माळ्यावर न उघडलेले चार मिक्सर होते. लोमट्यांनी प्रत्येकाचं पूर्ण ऐकून घेतलं आणि आभार मानले.

पहिला नमुना जवळच्या समुद्रकाठच्या दांडी गावाहून आला. तिथला हितेश तामोरे हळदीच्या कार्यक्रमांत गिटार वाजवतो आणि किनाऱ्यावरची अख्खी गावं पहाटेपर्यंत नाचवतो. त्याच्याकडे मोठं पेडल होतं, पडदा असलेलं, पुढे बटणांची रांग, मागे भोकांची रांग.

"काका, न्या तुमी खुशाल," हितेश म्हणाला. "भारी वस्तू हाय. कुठलाही ॲम्प समोर ठेवा, याचा माइक लावा, तो ॲम्प हा सगळा आत घेतो. मंग ॲम्प नाय तरी चालतंय. पन एक सांगतो, समजायला लय कठीन. मी मागच्या लग्नात नुसता आवाज वाढवायला गेलो, तर पडद्यावर चिनी अक्षरं आली. ती आजून गेली नाय."

"मॅन्युअल?"

"हाय ना. ता पन चिनी."

दुसरा पालघरला निमेशभाईंच्या दुकानात सापडला. निमेशभाई हार्मोनियम, ढोलकी आणि शाळांच्या कवायतीचे ताशे विकतात. काचेच्या कपाटात सनईशेजारी एक लहानसं पेडल धूळ खात पडलं होतं. सहा गोल खुंट्या, पडदा नाही, काही नाही. "साहेब, घेऊन जा ने," निमेशभाई म्हणाले. "पसंत नाय पडला तर पाछा आणा. इथे पडून पण तो काय वाजत नाय." तिसरा नमुना ऑनलाइन मागवला. तो साबणाच्या वडीएवढा निघाला. त्याच्यावर एकही बटण नव्हतं. त्याचा सगळा कारभार मोबाइलमधून. लोमट्यांनी तिन्ही नमुने पुसले, त्यांच्यावर पांढऱ्या पट्ट्या चिकटवल्या आणि कारखान्याच्या शिस्तीने अ, ब, क अशी नावं दिली. खरी नावं झाकली, म्हणजे परीक्षकाचं मन कलू नये. परीक्षक एकच होता आणि पट्ट्या त्यानेच चिकटवल्या होत्या, ही गोष्ट वेगळी.

शुक्रवारी गच्चीवरच्या खोलीत चाचणी सुरू झाली. घाडी ॲम्पवर हात टेकून उभे होते. हे सगळं आपल्यासाठी चाललंय याचा त्यांना संकोच वाटत होता, आणि मौजही.

"लोमटे, मला काही नको हो. बॅगच द्या. बॅग बरी असते."

"घाडी, तुम्ही वस्तू नाही तपासत, मी तपासतो," लोमट्यांनी विषय मिटवला.

क पासून सुरुवात झाली. क ने मोबाइलवर आधी नाव विचारलं, मग जन्मतारीख, मग तुम्ही नेमके कुठे आहात ते दाखवायची परवानगी. ती दिल्यावर क म्हणाला, आपली कुणाशी तरी जोडणी झाली आहे, धन्यवाद. लोमट्यांनी गिटार छेडली. आवाज नाही. घाडींनी वायर हलवली. आवाज नाही. मग ॲम्पचा आवाज पार वरपर्यंत चढवला, आणि त्या करपत्या गुळाच्या गोड, घोगऱ्या टोनमध्ये गच्चीवरून सगळ्या सोसायटीला एका बाईचा आवाज ऐकू आला:

"गोजरे, त्यो तुमचा सेक्रेटरी आजून सोताच्या आंगुळीच्या टायमालाच पान्याची मोटर लावतोय का गं? तू म्हनलीस तवापासून मला हसूच आवरंना बाई!"

क ने ब्लूटूथवरून गोजराबाईंच्या मोबाइलशी संधान बांधलं होतं. त्या खाली तुळशीपाशी बसून परळीच्या बहिणीचे व्हॉट्सॲपवरचे निरोप ऐकायचा प्रयत्न करत होत्या आणि मोबाइल मुका का झाला म्हणून तो पदराने पुसत होत्या. पुसता पुसता पुढचा निरोप लागला. तो दराड्यांच्या केसांच्या टोपाविषयी होता.

त्या संध्याकाळी दराड्यांनी सोसायटीच्या फळ्यावर सूचना लावली. गच्चीवरील खोली ही टाकीच्या देखभालीसाठी असून तेथे विद्युत वाद्ये वाजवण्यास सक्त मनाई आहे. मोटर लावण्याच्या वेळा सर्वांच्या सोयीच्याच आहेत, असंही खाली जाड अक्षरात होतं. लोमट्यांनी सूचना दोनदा वाचली. तिच्यात शुद्धलेखनाची एक चूक होती, पण ते बोलले नाहीत. गोजराबाईंनी पुढे कितीतरी दिवस मोबाइल हातात घेतला नाही.

आता चाचणी घ्यायची तर लोमट्यांच्या घरात. पुढच्या शुक्रवारी दुपारी घाडी, बबलू वॉचमन आणि लोमटे यांनी मिळून ते धूड तिसऱ्या मजल्यावर उतरवलं. घाडी घामाघूम होऊन आपल्या विंगमध्ये आंघोळीला गेले. लोमट्यांनी मुद्दामच त्यांना थांबवलं नाही, कारण त्यांना नमुना अ मध्ये घाडींचा ॲम्प भरून घ्यायचा होता आणि ते काम त्यांना एकट्याने, शांतपणे, प्रयोगशाळेसारखं करायचं होतं. हे त्यांचं आयुष्यातलं सगळ्यात महत्त्वाचं कंट्रोल सॅम्पल होतं.

हितेशने सांगितल्याप्रमाणे त्यांनी ॲम्पपुढे माइक उभा केला. पडद्यावरच्या चिनी अक्षरांचा अर्थ हितेशने आपल्या फोनमधल्या भाषांतराच्या ॲपवरून आधीच एकेक करून लावून दिला होता. पेडल आता स्वतःच ॲम्पमधून निरनिराळे आवाज काढणार आणि ते ऐकून ॲम्पचा स्वभाव ओळखणार, असा प्रकार होता. आवाज नेहमीच्या वाजवण्याइतका मोठा ठेवायचा. लोमट्यांनी कारखान्यातले इअरप्लग कानांत खोलवर बसवले. आणि मग त्यांनी तो निर्णय घेतला, जो त्यांच्या जागी दुसऱ्या कुणी घेतला नसता. एका मोजणीवर विसंबायचं नाही, तीन मोजण्या घ्यायच्या आणि सरासरी काढायची, हा क्वालिटीचा पाया. त्यांनी पेडलला लागोपाठ तीनदा मोजायला सांगितलं, बटण दाबलं, आणि खोलीत आपल्या हालचालीनेही फरक पडू नये म्हणून दार लोटून स्वयंपाकघरात जाऊन उभे राहिले.

पेडलने पहिला आवाज काढला तो खालून वर चढत जाणारा. टिपेला पोचला, तिथे थांबला, मग खाली उतरला, आणि पुन्हा चढू लागला.

बाहेरच्या वाचकाला यात काही वाटणार नाही. पण बोईसरमध्ये लहान पोरालासुद्धा हा आवाज ठाऊक असतो. भोवती रसायनांचे कारखाने, पलीकडे अणुवीज केंद्र. तालमी होतात, पत्रकं वाटली जातात. भोंगा चढउतार करू लागला की गॅसची शेगडी बंद करायची, ओलं फडकं नाकाला लावायचं, वारा कुठून येतो ते बघायचं आणि वाऱ्याला आडवं चालत मोकळ्या जागी जमायचं. बबलूने शिट्टी फुंकत जिने पालथे घातले. "गैस लीक! गैस लीक! सब नीचे! लिफ्ट नहीं, सीढ़ी से!" दारं धडाधड उघडली.

स्वयंपाकघरात लोमट्यांना यातलं काहीच ऐकू आलं नाही. ऐकू न येणं ही इअरप्लगची गुणवत्ता होती, आणि ते त्यांनीच पास केले होते. त्यांनी सहज खिडकीतून पाहिलं तर अख्खी सोसायटी ओली फडकी नाकाला धरून फाटकाबाहेर चालली होती. तेवढ्यात अर्चनावहिनी ओला टॉवेल घेऊन आत आल्या आणि त्यांनी ओरडून काहीतरी सांगितलं. हॉलचं दार लोटलेलं आणि सगळा जिना दणाणलेला, त्यामुळे भोंगा आपल्याच घरात वाजतोय हे त्यांच्याही ध्यानात आलं नव्हतं. लोमट्यांना ते ऐकायची गरज नव्हती. ते कारखान्याच्या सेफ्टी कमिटीवरही होते. त्यांनी शेगडीची खुंटी बंद केली, हातरुमाल भिजवला, बायकोचा दंड धरला आणि शांतपणे, न धावता, नियमाप्रमाणे भिंतीच्या कडेने खाली उतरले.

बेटेगावच्या रस्त्याला लागून एक मोकळा प्लॉट आहे. तिथे पोचल्यावर लोमट्यांमधला अधिकारी जागा झाला. त्यांनी गोजराबाईंचा पांढरा पंचा काठीला बांधून वाऱ्याची दिशा ठरवली. विंगवार रांगा केल्या. मग हजेरी घ्यायला लागले. ते नाव पुकारत, माणूस "हजर" म्हणे, लोमट्यांना ते ऐकू येत नसे, आणि ते गंभीर चेहऱ्याने पुढच्याला सांगत, "दराडे आत राहिलेत. नोंद घ्या." दराडे त्यांच्या समोर हात हलवत उभे होते. "गोजराबाईही आत आहेत." गोजराबाई म्हणाल्या, "आवं, ही काय मी!" अर्ध्या सोसायटीला लोमट्यांनी अशा रीतीने गॅसमध्ये सोडून दिलं, आणि तिला सोडवायला स्वतः परत जायची तयारी दाखवली. त्या क्षणी ते खरोखर शूर दिसत होते, असं अर्चनावहिनी आजही सांगतात.

घाडी सगळ्यात शेवटी आले. अंगात बनियन, खांद्यावर टॉवेल, आणि डोकं किंचित तिरकं करून ते काहीतरी ऐकत होते. ते थेट लोमट्यांकडे गेले आणि त्यांच्या डाव्या कानातला प्लग उपटून काढला.

"लोमटे," ते म्हणाले, "हा माझा ॲम्प आहे."

लोमट्यांनी ऐकलं. भोंगा तिसऱ्या मजल्यावरून, त्यांच्या स्वतःच्या हॉलच्या खिडकीतून येत होता. चढत होता, उतरत होता. थोडा घोगरा, पण गोड.

"गॅस गळतीचा भोंगा इतका सुरेल कुठे असतो?" घाडी म्हणाले. "मी जिन्यातच ओळखला."

दुसरी मोजणी संपली. क्षणभर शांतता झाली. लोकांनी नाकावरची फडकी काढली, आणि तिसरी मोजणी सुरू झाली.

लोमट्यांनी त्या जमावाला उद्देशून काय सांगितलं ते कुणाला नीट आठवत नाही. "तांत्रिक चाचणी" असे शब्द त्यात होते. चौकीतून हवालदार आले, त्यांनी धुडाभोवती फेरी मारली आणि जबाब घेतला.

"म्हणजे सायरन तुमचा?"

"सायरन नव्हे. आम्ही टोन घेत होतो."

"घेतला?"

"घेतला," लोमटे म्हणाले, आणि एवढ्या मानहानीतही त्यांचा आवाज जरा चढला, कारण पडद्यावर तिन्ही मोजण्या पास झाल्याचं दिसत होतं.

हवालदारांनी विचार करून लिहिलं, गाण्याच्या प्रयत्नातून गैरसमज. खाली सही घेतली. कारखान्याच्या सेफ्टी खात्याने लोमट्यांना लेखी समज दिली. त्याच आठवड्यात दराड्यांना मात्र एमआयडीसीकडून गौरवपत्र मिळालं, कारण कुठल्याही सरावात एखादी सोसायटी इतक्या शिस्तीने रिकामी झाली नव्हती. दराड्यांनी ते फ्रेम करून ऑफिसात लावलं, मोटरची वेळ बदलली, आणि लोमट्यांना भेटून म्हणाले की झालं ते झालं. लोमट्यांना हे क्षमा करणंच जास्त लागलं.

घाडींच्या घरी सामान बांधायला सुरुवात झाली होती, तेव्हा शेवटची चाचणी तिथेच झाली. खोक्यांवर तिन्ही पेडलं मांडली. आता ॲम्प बंद, हेडफोन लोमट्यांच्या कानाला. घाडी वाजवत होते, लोमटे डोळे मिटून ऐकत होते. त्यांनी अ ऐकला आणि डोळे उघडून खात्री करून घेतली की ॲम्प चालू नाही. तो अगदी तोच आवाज होता. ब सुद्धा फार लांब नव्हता. लोमट्यांनी प्रामाणिकपणे मान्य केलं की आपल्याला फरक सांगता येत नाही. क ठीक होता, पण मधूनच तो मोबाइलवर येणारा आकडा टाकायला सांगत होता आणि तो आकडा ज्या मोबाइलवर येत होता तो अर्चनावहिनींकडे होता.

राहिली वापरायची सोय. लोमटे म्हणाले, "घाडी, आता मी बोलणार नाही. तुमचे तुम्ही चालवा."

घाडींनी अ हातात घेतला. काहीतरी दाबलं. पडदा निळा झाला. "लोमटे, हे काय झालं?" लोमट्यांनी नियम मोडून सांगितलं. घाडींनी पुन्हा दाबलं. "लोमटे, हे कुठं गेलं?" मग चिनी अक्षरं आली. "लोमटे, अहो बघा ना." दर दोन मिनिटांनी हाक येत होती आणि लोमटे उठून जात होते. तक्त्यात त्यांनी लिहिलं, सोय: नापास.

मग घाडींनी ब घेतला. वायर लावली, दोन खुंट्या फिरवल्या, जराशा मागे घेतल्या, आणि वाजवायला लागले. पूर्ण गाणं वाजवलं. हेडफोन काढला तेव्हा त्यांचा चेहरा उजळला होता.

"हे झकास काम आहे," ते म्हणाले. "हे असलं की कुणाला काही विचारायलाच नको."

लोमटे "हं" म्हणाले. त्यांनी तक्त्यात लिहिलं, ब: दोन्हीत पास. त्यांचं अक्षर एरवी छापल्यासारखं. ही ओळ जरा खाली घसरली.

त्या रात्री जेवताना त्यांनी भात दोनदा मागितला आणि दोन्हीदा तसाच ठेवला. कुणाला काही विचारायला नको. माणूस नाशिकला जाईल, खुंट्या फिरवेल, हेडफोन लावेल आणि सुखात राहील. शुक्रवारी त्याला काही अडणार नाही. अडलं नाही की फोन कशाला करेल? घाडी तसे फोनवर बोलणारे नव्हतेच. "कसे आहात, बरे आहात ना, ठेवतो" एवढ्यात त्यांचं संपायचं. लोमट्यांना रडू येईल की काय असं वाटलं, म्हणून ते उठून पाण्याची टाकी भरली का ते बघायला गेले.

कमिटीपुढे तक्ता ठेवला गेला तेव्हा त्यात अ निवडलेला होता. परचेसवाल्यांनी चष्मा सारून वाचलं. "लोमटेसाहेब, ब सोपा होता असं तुम्हीच म्हणत होतात."

"टोनला तडजोड नाही," लोमटे म्हणाले. त्यांनी सोयीच्या रकान्यातला "नापास" सफाईने खोडला, वर "समाधानकारक" लिहिलं आणि सही केली. अख्ख्या नोकरीत त्यांनी जाणूनबुजून पास केलेला हा एकमेव नापास माल. हितेशने त्याच बनावटीचं नवंकोरं पेडल आणून दिलं आणि घाडींच्या ॲम्पचा तो नमुना त्यात भरला. ॲम्प स्वतः दांडीला गेला. तिथे समुद्रापुढे त्याच्याविरुद्ध तक्रार करायला कुणी नव्हतं.

निरोप समारंभात घाडींनी पेडल कपाळाला लावलं. निघताना लोमट्यांचा हात हातात धरून बराच वेळ उभे राहिले. शेवटी लोमटे म्हणाले, "पॉवर बंद न करता वायर काढू नका." घाडी म्हणाले, "नाही काढत." आणि गाडी गेली.

पहिल्याच शुक्रवारी संध्याकाळी फोन वाजला. "लोमटे, पडदा निळा झालाय. आता काय दाबू?"

लोमट्यांनी दोन दिवस आधीच हितेशकडून मॅन्युअलचं भाषांतर करवून घेतलं होतं. ते उघडून त्यांनी सांगायला घेतलं. पडद्याचं काम लवकर उरकलं. पण मग दराड्यांचं गौरवपत्र, स्टोअरमध्ये घाडींच्या जागी आलेला नवा माणूस, नात चिमीला आलेला दात, नाशिकची थंडी, असं होत होत वरणाला फोडणी बसेपर्यंत बोलणं चाललं. पुढल्या शुक्रवारी आवाज बारीक झाला होता. त्याच्या पुढल्या शुक्रवारी चिनी अक्षरं आली. लोमटे चहा पिऊन, चष्मा पुसून, फोनजवळ बसून राहत. फोन ठेवला की अर्चनावहिनींना तक्रारीच्या सुरात म्हणत, "फारच अवघड वस्तू आहे ती. बिचारे घाडी." अर्चनावहिनी पोळ्या लाटत राहत. एकदाच म्हणाल्या, "तुम्ही पास केली ना ती?" लोमट्यांना अचानक खोकला आला.

पावसाळा संपता संपता एका शुक्रवारी फोन आला तो रूपालीचा, घाडींच्या मुलीचा.

"काका, बाबा चिमीला घेऊन खाली गेलेत, येतील इतक्यात. मीच लावला, तुम्ही वाट बघत असाल म्हणून." ती हसली. "काका, एक विचारू? परवा आमच्या सोसायटीच्या गणपतीत बाबांनी ते पेडल घेऊन दीड तास वाजवलं. एकट्याने. पायाने धडाधड बटणं दाबत होते, चारपाच नवीन आवाज तर त्यांनी स्वतः करून ठेवलेत. इथली कॉलेजची मुलं त्यांच्याकडे शिकायला येतात. मग दर शुक्रवारी ते तुम्हाला एवढं विचारतात तरी काय?"

लोमट्यांनी चष्मा काढला. तो स्वच्छ होता, तरी पुसला.

तिकडे दार वाजल्याचा आवाज आला, मग बाळाचा, मग कुणीतरी फोन घाईने हातात घेतला.

"लोमटे," घाडी म्हणाले. जिने चढून त्यांना धाप लागली होती. "बरं झालं सापडलात. अहो, हे चालूच होत नाहीये. काय करू?"

लोमट्यांनी मॅन्युअल पहिल्या पानावर उघडलं, खुर्ची पुढे ओढली आणि घसा साफ केला.

"घाबरू नका, घाडी," ते म्हणाले. "घाईचं काम नाही. अगदी पहिल्यापासून घेऊ. आधी वायर लावा."